रुक्मिणीनगरीची बोहणी

आमचे हे दुय्यम निबंधक आहेत. धामणवाडा तालुक्यात कोणी कोणाला घर, प्लॉट, वावर काहीही विकलं तरी त्या दस्तावर शेवटची सही लक्ष्मीकांतरावांची. अर्ध्या तालुक्याला यांनी घरमालक केलं आणि मला मात्र लग्न झाल्यापासून भाडेकरू ठेवलं.

पैसा नव्हता असं नाही. हे कंजूषही नाहीत. अडचण अशी की यांनी आयुष्यभर लोकांचे कागद वाचले आणि त्यापायी यांचा एकाही भिंतीवर विश्वास राहिला नाही. संध्याकाळी फिरायला निघालो की बाकीची जोडपी बंगले बघतात. आमचे हे बोटाने दाखवत जातात, हे गहाण आहे, हे नाल्यावर आहे, याचे दोन मालक आहेत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. एकदा एका वास्तुशांतीला पंगतीत बसलो होतो. मी जिलबी तोंडात घातली तेवढ्यात यांनी कानात सांगितलं की आपण जेवतोय त्या हॉलमध्ये पाच बहिणींचा हिस्सा आहे आणि सही एकीचीही नाही. त्या पाचही बहिणी समोर पदर खोचून वाढत होत्या. मला घास उतरेना.

उगाच आडवळणाने कशाला सांगू, मला स्वतःचं घर हवं होतं. ते मिळत नव्हतं म्हणून मी चिडलेली असायची. राहत होतो ते घर सिंधूताईंचं. सिंधूताई स्वभावाने बऱ्या, पण भिंतीला खिळा ठोकू द्यायच्या नाहीत. हातोडीचा आवाज त्यांना देवळात कीर्तन चालू असतानाही ऐकू यायचा. माझ्या आईने लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ इतकी वर्षं फ्रीजवर आडवं पडून होतं. किती वाजले बघायचं तर मान वाकडी करावी लागायची.

आता गावाचं सांगते. तिकडे मेहकर-डोणगावच्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला, तशी इकडे आमच्या लोकांना स्वप्नं पडायला लागली. महामार्ग इथून दोन-अडीच तासांवर, पण ते ऐकून कोण घेणार. ज्याच्याकडे कांद्याचं वावर होतं त्याने चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पाडले, पुढे कमान उभारली आणि कमानीवर देवाचं नाहीतर बायकोचं नाव लिहिलं. भाव चढले, मग थांबले, मग उतरायला लागले. आणि तिथे आमच्या गावाने अशी चूक केली की ती आमच्याच गावाने करावी.

आमचा आठवडी बाजार शनिवारचा. शहाणा माणूस दिवस मावळल्याशिवाय त्या बाजारात पाय ठेवत नाही. सकाळी चढ्या भावाची वांगी संध्याकाळी उरली की विकणारा मिळेल त्या भावाने देऊन टाकतो, वरून कोथिंबीर घालतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी दुपारी चारला भाजी घेताना दिसले तर शेजारणी विचारायच्या, घरी पाहुणे आलेत का. तर प्लॉटचे भाव उतरायला लागले तसं सगळ्या गावाने ठरवलं की थांबावं, संध्याकाळ होऊ द्यावी. ती संध्याकाळ दीड वर्षं चालू होती.

आमचंच एक गाव होतं असं नाही, सगळ्या भागात घरं पडून होती. घर विकलं नाही की मुद्रांक शुल्क नाही, आणि मुद्रांक शुल्क नाही की सरकारची तिजोरी रडते. मुंबईचं रडणं पुण्याला यायचं, पुण्याचं बुलढाण्याला, आणि बुलढाण्याचं दर सोमवारी व्हीसीवरून, म्हणजे व्हिडिओच्या बैठकीतून, आमच्या यांच्या कानात. पडद्यावर एक तक्ता असायचा. ज्यांचं उद्दिष्ट पूर्ण झालं ते तालुके हिरवे, बाकीचे लाल. धामणवाडा इतका लाल होता म्हणे की बघवत नव्हता. मार्चअखेर रंग बदलला नाही तर साहेबांची बदली, असं वरून स्वच्छ सांगण्यात आलं.

दुसऱ्या कोणी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. यांनी जिवाला लावून घेतलं. राज्याची तिजोरी आपल्याच खुर्चीखालून गळतेय असं यांना वाटायला लागलं. घरात काटकसर सुरू झाली. पंखा बंद, चहात साखर अर्धी. मी म्हटलं, अहो, आपला पंखा बंद ठेवून राज्याला काय मिळणार? तर म्हणाले, सुरुवात कुठून तरी केली पाहिजे. जेवताना हातातला घास हातातच राहायचा. मला वाटलं बदलीची काळजी असेल. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, अशाने आरोग्य खात्यातल्या आशाताईंचं मानधन वेळेवर कसं व्हायचं?

बाजाराची आणि संध्याकाळची ती गोष्ट मीच यांना समजावून सांगितली आणि तिथेच फसले. यांनी त्यावर एक दिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला की ज्या गाड्यावर गिऱ्हाईक उभं दिसतं, तिथेच दुसरं गिऱ्हाईक येतं. तेव्हा कोणीतरी घर घेताना दिसलं पाहिजे. अधिकाऱ्याने स्वतः जाणं बरं दिसणार नाही, म्हणून मी जायचं. रोज संध्याकाळी जायचं, मोठ्याने भाव विचारायचा, घासाघीस करायची आणि परत यायचं. घ्यायचं मात्र नाही, हे दारापर्यंत येऊन पुन्हा बजावलं.

म्हणजे इतकी वर्षं नवऱ्याने घर घेतलं नाही, आणि आता मी घर घेत असल्याचं नाटक करायचं, तेही राज्यासाठी. मी दोन-चार भांडी आपटली आणि गेले. घरं बघायला मला आवडतं, त्याला मी तरी काय करू?

रुक्मिणीनगरी खामगाव रोडला. अर्जुनरावांचं हे पूर्वीचं वांग्याचं वावर. अर्जुनराव जन्मभर भाजी विकलेला माणूस, प्लॉटही भाजीसारखेच विकत होते. ऊन उतरलं की मातीच्या रस्त्यांवर पाणी शिंपडायचे, का तर ताजं दिसते. चौकशीला आलेल्याला जाताना पिशवीभर वांगी द्यायचे. गावात बरेच लोक वांग्यांसाठी चौकशीला जायचे. कमानीच्या आत एकच घर बांधलेलं होतं, नमुना म्हणून. बाकी नुसत्या रेषा आणि बाभळी.

मला वाटलं होतं की ते घर रिकामं असेल. पाहते तर दारात तुळस, दोरीवर ओली लुगडी, आतून भज्यांचा वास. उंबऱ्यात अर्जुनरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई, त्यांच्याच नावाची ती कमान. त्यांनी पाणी देऊन बसवलं आणि न विचारताच सांगायला लागल्या, आम्ही इथंच राहतो, पाणी भरपूर आहे, हवा भरपूर आहे, साप नाही. इतकं करमतं की सोडवत नाही, पण तुमच्यासारखं माणूस भेटलं तर देऊन टाकू आणि आपण दुसरं बांधू. मला सापाचं जरा खटकलं, पण मी भाव विचारला, ठरल्याप्रमाणे मोठ्याने. अर्जुनरावांनी सांगितला. मी त्याच्या अर्ध्याला मागितलं. नाटक असलं तरी पहिल्याच भावाला हो म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. स्वयंपाकाचा ओटा माझ्या कमरेच्या बरोबर उंचीचा. खिडकीतून हरभऱ्याचं शिवार दिसायचं. आणि बसायच्या खोलीत एक भिंत होती, कोरी, रुंद, जिच्यावर कोणीच काही लावलेलं नव्हतं. मी त्या भिंतीसमोर उभी राहायचे आणि अर्जुनरावांशी भावावरून भांडताना आवाज कापरा व्हायचा. त्यांना वाटायचं मी चिडले.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. निबंधकसाहेबांच्या बाई रोज रुक्मिणीनगरीत जातात म्हणजे साहेबांना वरून काहीतरी कळलेलं असणार, भाव वाढणार असणार. लोक जमायला लागले. आठवड्याभरात तिथे भेळेची गाडी लागली. आमचे हे ऑफिसच्या खिडकीतून खामगाव रोडवरची धूळ बघून मनात हिरवे व्हायला लागले.

पण घेत कोणीच नव्हतं. सगळे माझ्यामागे अर्धगोल करून उभे राहायचे आणि मी काय मागते, अर्जुनराव काय सोडतात ते ऐकायचे. मॅडमला ज्या भावाने मिळेल त्याच भावाने आपण, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. मी घर घेतल्याशिवाय एकही प्लॉट जाणार नव्हता, आणि मला तर न घेण्यासाठीच पाठवलेलं होतं. अर्जुनरावांचा जीव कासावीस झाला.

"मॅडम, बोहणी होऊ द्या तुमच्या हातून," ते म्हणाले. "आमच्या बापानं पह्यलं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हातानं जाऊ देल्लं नाई. तुमी रोज चालल्या जाता, मले रातच्याले झोप नाई लागून राह्यली."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, उद्या येते. त्यांनी आणखी भाव उतरवला आणि वांगी दिली. घरी सिंधूताईंच्या कमी उंचीच्या ओट्यावर वाकून मी रोज वांग्याचं भरीत करत होते.

मग एका संध्याकाळी वांग्यांची पिशवी तिथेच विसरले म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत फिरले. गर्दी पांगली होती. पाहते तर रुक्मिणीबाई ओली लुगडी बादलीत कोंबतायत आणि अर्जुनराव मोटरसायकलच्या मागे तुळशीची कुंडी दोरीने बांधतायत. मला पाहून अर्जुनरावांना एकदम विहिरीवरची मोटर आठवली आणि ते बंद करायला पळाले. मी विचारलं, रुक्मिणीबाई, तुळस कुठे निघाली?

"आता तुमाले काय लपवू," त्या पायरीवर बसत म्हणाल्या. "मी इथं राह्यत नाई, बाई. आमचं घर गावात हाय. रोज चार वाजता हे मले गाडीवर बसवून आनते, चांगली कोल्डी लुगडी ओली करून दोरीवर टाकाले लावते, भजे तळाले लावते. रिकामं घर पाहून गिऱ्हाईक भेते म्हनते."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, मग माझंही ऐका, मी गिऱ्हाईकच नाही, मला माझ्या नवऱ्याने पाठवलंय.

मग त्यांना जे हसू फुटलं ते पदराने आवरेना, आणि मलाही. थंड झालेली भजी आम्ही दोघींनी तिथेच संपवली. हसून झाल्यावर त्यांनी मला घराची खरी माहिती दिली. पश्चिमेची भिंत दुपारी तापते. न्हाणीघराचा उतार उलटा झालाय, पाणी बाहेर यायच्या ऐवजी आत येतं. साप एकदा निघाला होता, पण धामण होती, ती आपली आपण गेली. इतक्या वर्षांत मी शेकड्याने घरं बघितली असतील, पण घराबद्दल खरं सांगणारी बाई पहिल्यांदा भेटली. त्या पायरीवरच मी ठरवलं की घ्यायचं तर हेच.

यांना सांगितलं तर आधी ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, कागद आण, दोष दाखवतो. अर्जुनरावांनी पिशवीभर कागद दिले, वर वांगी. हे चष्मा लावून बसले. पहिल्यांदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले, उजेडाकडे धरून वाचले. चहा दिला तो निवून गेला. मी दारात उभी. दोष निघाला तर पुढचं सगळं आयुष्य मी मान वाकडी करून वेळ बघणार होते.

शेवटी यांनी चष्मा काढला. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "काहीच नाही गं. मालकी सरळ आहे, आजोबा, बाप, हा. बहिणींच्या सह्यासुद्धा आहेत." आणि कागद पिशवीत भरत म्हणाले, "घेऊन टाकू. राज्याची निकड आहे. तुझी बोहणी झाली की बाकीचे आपोआप येतील."

मी खरं तर नाचायला हवं होतं. पण मला इतका राग आला की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी मागत होते तेव्हा प्रत्येक भिंतीत यांना भानगड दिसली, आणि राज्याला हवं म्हटल्याबरोबर एका बैठकीत हो. मला रडू आलं आणि ते यांना दिसू नये म्हणून मी भरीत जोरजोरात घोटलं. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट असते, म्हणून मी म्हटलं, घर माझ्या नावावर होईल. यांचा चेहरा आणखी पडला. ऐन टंचाईत सवलत घ्यायची? मी म्हटलं, माझ्या नावावर, नाहीतर तुमचं राज्य तुम्ही सांभाळा.

एकतीस मार्चला सकाळी आम्ही ऑफिसात गेलो तेव्हा अख्खं गाव आधीच येऊन बसलं होतं. ज्याला रुक्मिणीनगरीत प्लॉट घ्यायचा तो प्रत्येकजण आपले कागद तयार करून माझ्यामागे रांगेत. मला मिळालेला भाव सगळ्यांना तोंडपाठ. शिपाई उकंडराव दीड वर्षात पहिल्यांदा पूर्ण जागे होते. अर्जुनरावांनी नवं धोतर नेसलं होतं, रुक्मिणीबाईंच्या हातात पेढे. एवढ्या सगळ्या सह्या झाल्या असत्या तर त्या दिवशी दुपारपर्यंत धामणवाडा हिरवागार झाला असता.

हे खुर्चीवर बसले. माझा दस्त समोर घेतला. पेन उघडलं आणि तसेच थांबले. पेन पुन्हा बंद केलं.

नियम असा आहे की ज्या दस्तात अधिकाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध आहे, तो दस्त त्याने नोंदवायचा नाही. हा नियम यांनी नोकरीभर लोकांना ऐकवला. पण आपण कधी घर घेऊ असं मनात आलंच नव्हतं, त्यामुळे तो स्वतःला लावून बघायचा राहून गेला होता. यांनी तो मोठ्याने सांगितला. रांग हबकली. अर्जुनराव कमरेवर हात ठेवून छताकडे बघायला लागले.

उकंडरावांनी वाट काढली. "साहेब, घर तं मॅडमच्या नावानं हाय ना? मंग तुमचा काय संबंध? या दस्तात माझा हितसंबंध नाई, असं एका वळीत लिहून टाका अन् मारा सही. कोन इचारते?"

सगळ्यांना पटलं. रांगेतून लिहा, लिहा असं सुरू झालं. कोणीतरी कोरा कागदही पुढे सरकवला.

यांनी कागद घेतला. मी बघत होते. मला खात्री होती की हे लिहिणार. राज्यासाठी ज्या माणसाने मार्चच्या उन्हात पंखा बंद ठेवला, तो एक ओळ लिहायला किती वेळ लावणार? आणि खरं सांगते, मी मनात म्हटलं, लिहा, इतकी वर्षं तसंच तर वागत आलात.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद उकंडरावांना परत दिला आणि सोमवारच्या व्हीसीत बोलतात तशा आवाजात म्हणाले, "असं लिहून देता येणार नाही. घराचं बाजूला ठेवा. या बाईंमध्ये माझा हितसंबंध आहे. लग्नापासून आहे."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा मला आजवर गोड शब्द असा कधी बोललेला नव्हता. हा पहिला, आणि तोही सरकारी, आणि अख्ख्या तालुक्यासमोर. माझा सगळा राग कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं काम अर्जुनरावांनी हातात घेतलं. हल्ली एका तालुक्याचा दस्त दुसरीकडेही नोंदवता येतो. त्यांनी मला विचारलं, शेजारच्या तालुक्याचं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असते? आणि बोहणी जिथे होईल तिथेच बाजार मांडायचा असतो, म्हणून रांगही आमच्याबरोबर निघाली. जीपा, दुचाक्या आणि मागे अर्जुनरावांचा भाजीचा टेम्पो. तिथले साहेब एकटे बसून मोबाइल बघत होते. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं मोर्चा आलाय. आधी माझी सही झाली, मग सगळ्यांच्या. संध्याकाळी ते कार्यालय जिल्ह्यात सगळ्यात हिरवं होतं.

आमचं लालच राहिलं. यांचा फोन आला, किती दस्त झाले? मी सांगितले. तर म्हणाले, बरं झालं, तिजोरी शेवटी एकच आहे.

उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, दोन बस बदलून जावं लागतं अशा गावी. मी स्पष्ट सांगितलं की मी येणार नाही, माझं इथे घर आहे. हे तिकडे एका खोलीत भाड्याने राहतात, आणि मालक खिळा ठोकू देत नाही अशी तक्रार करतात. रुक्मिणीबाई अजून चार वाजले की येतात. घरी करमत नाही म्हणतात. येताना दोन लुगडी आणून माझ्या दोरीवर टाकतात.

हे दर शनिवारी येतात, दिवस मावळल्यावर, बाजारातून स्वस्तातली भाजी घेऊन. पहिल्या शनिवारी आले ते चप्पल काढायच्या आत मी हातात हातोडी दिली. यांनी त्या कोऱ्या भिंतीवर खिळा ठोकला, आवाज करत, कोणाला न विचारता, आणि आईचं घड्याळ टांगलं. ते थोडं वाकडं लागलं. नीट करतो म्हणाले, पण मी राहू दिलं, कारण इतक्या वर्षांत माझी मान तशीच वळायला शिकली होती.